खंडूनं माझ्या ओटीत ठेवलेले फ्यूज

२ फेब्रुवारी, रविवार

ही वही आशाताईनं दिली. शंभूला किती वेळा पाजलं, किती दुपटी ओली केली, ते रोज मांडायचं म्हणाली. मी म्हणलं, बाई, मी तिसरी शिकलेली, ती पण मेंढरामागं जाता जाता. ती म्हणाली, आजी, नुसत्या रेघा मारल्या तरी चालतील. अक्षरं येतात तर रेघा कशाला मारू? हळू येतात, पण येतात. रुपाली हसते. म्हणते, आई, पाजल्याचं लिहायचंय, तू तर सगळ्या गावाचं लिहायला लागलीस.

रुपाली माझी लेक, न्हावऱ्याला दिलेली. लग्नाला आठ वर्षं झाली तवा कुठं हा शंभू झाला. किती दवाखाने केले ते लिहीत बसले तर वही पुरायची न्हाई. आज पोरगं चाळीस दिवसांचं झालं. मानेवर मागनं केसांचा झुपका हाय, माझ्या आज्याला होता तसाच. माझा आजा शंभर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आन् तो झुपका बघून लोक त्याला वळखायचे. सून सविता म्हणते, आत्या, दिवसातनं इतक्यांदा त्याचं तोंड बघता, झिजंल की. झिजू दे. माझं हाय.

आज दहा वेळा पाजलं. दुपटी आठ. जावळाला तेल लावलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाणी न्हाई. चार दिवस झाले. नदीत हाय, पण दिसत न्हाई, वर सगळी जलपर्णी. हिरवंगार रान वाटतं. परवा साहेबरावाचं रेडकू गवत समजून आत गेलं, चौघांनी वढून काढलं.

आमच्या अकरा घरांची मिळून नदीवर एक मोटार हाय. तिचा पाइप खोल पाण्यात जातो आन् तोंडाला लोखंडी जाळीचा पिंजरा हाय. पिंजऱ्यात जलपर्णीच्या मुळ्या अडकल्या की मोटार नुसती घरघर करते. मग खंडूला बोलवायचं.

खंडू दौंडकडचा. पाठीला हवेचा सिलेंडर बांधून पाण्यात उतरतो. मालवणला शिकून आला, तिथं पावण्यांना समुद्रातले मासे दाखवायचं काम होतं. इकडं मासे कोण बघतंय. इकडं पाइप मोकळे करतो, आन् कुणी बुडलं की पोलीस त्यालाच फोन लावतात, नदीच्या ह्या तालुक्यातले बी आन् त्या तालुक्यातले बी.

त्याची एक रीत मला लई आवडते. उतरायच्या आधी मोटारीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढतो, ते चिनी मातीचे पांढरे, आन् घरातल्या थोरल्या बाईच्या ओटीत ठेवतो. गडीमाणसाच्या हातात देत न्हाई. मागल्या साली मी विचारलं तर म्हणाला, "मावशी, गडी म्हणतंय, जरा लावून बगू पाणी येतंय का. बाई तसं करत न्हाई. म्या वर यिऊन मागंस्तवर कुणाला देऊ नगा. साहेबराव आलं तरी न्हाई." साहेबराव म्हंजी आमचा शेजारी, अकरा घरांचा चेअरमन. त्याला न्हाई म्हणायचं म्हणल्यावर मला त्या दिवशी तलाठ्यापेक्षा मोठं झाल्यासारखं वाटलं.

उद्या येणार हाय. शंभूला नऊ वेळा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दारात बाजेवर बसून लिहिते. दुसरं काम करता येत न्हाई कारण उठायचं न्हाई. ओटीत फ्यूज हायेत. पलीकडच्या अंगाला शंभू झोपलाय, झोपेत हसतोय.

खंडू साडेदहाला उतरला. आधी माझ्यापाशी बसून अर्धा कप कोरा चहा घेतला. भाकरी दिली तर नको म्हणाला. उतरायच्या आधी पोटात अन्न नको म्हणे. शंभूच्या पायाला बोट लावून बघितलं आन् म्हणाला, ह्याला पवायला म्या शिकवणार. मी म्हणलं, आधी मान तर धरू दे.

दोर धरायला जालिंदर गेलाय. जालिंदर माझा थोरला. ह्या आठवड्यात शेतीची लाइट रातची हाय, दिवसा न्हाई, तरी खंडू फ्यूज काढतोच. सवय म्हंजी सवय.

अकरा वाजले असतील. एक बरं झालं. गुरांच्या घासाच्या पाटाला पाणी आलं. रुपालीला म्हणलं, पळ, शंभूची दुपटी काढ धुऊन, पाच दिवसांची साठलीत. दिवाळीपासनं ह्या पाटाला असं अधनंमधनं पाणी येतं. जालिंदर म्हणाला होता, साहेबरावाच्या दुसऱ्या मोटारीचं जादा पाणी हाय, सोडतो आपल्याला. चांगला माणूस.

पाणी गेलं. असू दे. दुपटी झाली.

संध्याकाळ.

खंडू गेला.

जालिंदर ओरडत आला. दोर वढतोय तर खंडू वर येत न्हाई. सगळी वस्ती काठाला पळाली. दुसऱ्यांना काढणारा तो, त्याला काढायला कोण येणार? साहेबरावाच्या दोन गड्यांनी होडीतनं गळ टाकून काढला. बारा वाजून गेले होते. तोंडातली हवेची नळी निघून पिंजऱ्यापाशी अडकली होती म्हणे.

मी बाजेवरनं उठले न्हाई. तो वर येऊन मागणार होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस पोलीस. नदीच्या मधोमध तालुक्याची शीव, अलीकडं दौंड, पलीकडं शिरूर, आन् पिंजरा नेमका मधी. एक जीप ह्या काठाला उभी, एक त्या काठाला. ह्या साहेबानं त्या साहेबाला फोनवर सांगायचं, पिंजरा तुमच्या अंगाला हाय. त्यानं सांगायचं, पाइप तुमच्याकडनं आलाय. पार टेप आणून मोजायला लागले. मी म्हणलं, माणूस माझ्या दारात चहा पिऊन गेलाय, अलीकडंच लिवा. मोठा साहेब म्हणाला, आजी, तुम्ही आत बसा. शेवटी पेटी अलीकडं हाय म्हणून अलीकडचं ठरलं. हे मी आधीच म्हणत होते.

मग प्रश्न. तीन पोलिसांनी तेच तीन प्रश्न विचारले. चहा किती वाजता दिला, फ्यूज किती होते, मोटार चालू होती का. फ्यूज माझ्या ओटीत असताना मोटार कशी चालू असंल? चौथ्याला मी सांगितलं, पहिल्या तिघांना विचार. दर वेळी बूट वाजवत येतात आन् शंभू दचकून उठतो. फ्यूज पिशवीत घालून नेले, कागद दिला. कागदावर माझं नाव कुशाबाई रखमाजी बरोबर लिहिलं हाय.

सगळे एकाच गोष्टीला अडलेत. सिलेंडर तपासला तर हवा निम्मी शिल्लक. हवा असताना माणूस बुडतो कसा? सिलेंडर आता पुण्याला पाठवणार.

आन् एक मला खटकलं. जालिंदरनं जबाबात लिहून दिलं, खंडूच्या तोंडाला दारूचा वास येत होता. मी त्याला म्हणलं, अरे माझ्यापासनं हातभर अंतरावर बसला होता, मला तंबाखूचा आला, दारूचा न्हाई आला. म्हणाला, "आई, तू मधी पडू नगो." मधी कोण पडतंय. नाक माझं हाय.

शंभूला सात वेळाच. झोप मोडली की पीत न्हाई.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सगळा तालुका आमच्या दारात. मोबाइलवर बातम्या देणारा एक जण माइक घेऊन आला आन् बाजेवर शंभूशेजारीच बसला. म्हणाला, आजी, पाणबुड्याच्या मृत्यूचं गूढ काय? मी म्हणलं, आधी पायाखालचं दुपटं सोड.

जो येतो तो नवीन काढतो. कुणी म्हणतं, दौंडच्या दुसऱ्या पाणबुड्यानं सिलेंडरात खराब हवा भरली. कुणी म्हणतं, बायकोचं आन् त्याचं पटत न्हवतं. धुरपदा त्याची बायको, मी तिला बघितलं पण न्हाई. एक म्हातारा न्हावऱ्यावरनं एसटीनं आला फक्त हे सांगायला, की खंडूनं इतकी मढी काढली, त्यातल्याच एकानं खाली धरला. चहा दोन कप पिला. आन् सगळ्यांचं शेवटी एकच, पिऊन उतरला असणार. कुणी बघितलं? तुमचा जालिंदरच तर सांगतो.

जालिंदर जेवत न्हाई. पित्त झालंय. जिऱ्याचं पाणी दिलं, ते पण तसंच ठेवलं. सविताला म्हणलं, नवऱ्याकडं बघ जरा, तर ती चुलीपुढं रडायला लागली. धूर गेला म्हणाली. चूल पेटलीच न्हवती, दूध गॅसवर होतं. माझ्याशी ह्या घरात सरळ कुणी बोलंल तर शपथ.

रुपालीच्या सासूचा फोन. पोलिसाच्या राबत्यात लेकरू नको, घेऊन जातो म्हणते. मी सांगितलं, अडीच महिने म्हंजी अडीच महिने. ठरलं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

धुरपदा आली. एकटीच, एसटीनं, रस्त्यापासनं चालत. सविता आत निघून गेली ती बाहेर आलीच न्हाई. पाणी पण मीच दिलं. चहा नको म्हणाली, पायरीवर बसली.

मला वाटलं रडंल. रडली न्हाई. म्हणाली, दोन पोरी हायेत, थोरली आठवीला. शाळंत पोरं बेवड्याची पोरगी म्हणतात, म्हणून दोघी घरी बसल्यात. रक्ताची तपासणी पुण्याला गेलीय, निकाल यायला महिने लागतात म्हणे. तवर त्या कुठल्या तोंडानं जातील. "सतरा वर्सात त्यानं थेंब घेतला न्हाई, मावशी. पिलेल्याला पाणी सोडत न्हाई, आसं त्योच सांगायचा. तुमच्या हातचा च्या घिऊन गेला. तुमी सांगा, वास आला व्हता?"

मी म्हणलं, न्हाई.

"मंग पोलिसाला सांगा की."

म्हणलं, सांगितलं, पण त्यांनी लिहिलं का न्हाई कुणास ठाऊक, म्हाताऱ्या बाईचं कोण लिहून घेतंय. मग ती म्हणाली, त्या दिवशीचं सगळं सांगा, पहिल्यापासनं. माझं डोकं हल्ली राहत न्हाई, पण वही हाय. वही आणून वाचून दाखवली. चहा, भाकरी, शंभूच्या पायाला बोट. तिथं ती पदर तोंडाला लावून बसली. मी पुढं वाचत गेले. पाटाला पाणी आलं, दुपटी धुतली.

"थांबा," ती म्हणाली. "ते परत वाचा."

परत वाचलं.

"लाइट न्हवती म्हणता. मंग पाणी कुटनं आलं?"

म्हणलं, साहेबरावाच्या मोटारीचं.

"ती बी लाइटीवरच चालती न्हवं?"

मला राग आला, खोटं कशाला लिहू. आली असंल लाइट मधीच, तारा दुरुस्त करताना येते कधी कधी. माझ्या ओटीत फ्यूज होते, तुझ्या नवऱ्यानंच ठेवलेले, आमची मोटार चालूच शकत न्हाई. मी असं बोलले. मोठ्यानं बोलले. ती नुसती त्या पाटाकडं बघत बसली. मग उठली आन् गेली. नाही म्हणायला शंभूकडं एकदा वळून बघितलं.

दुपटी मोजली न्हाईत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रात्रभर तेच डोक्यात. सकाळी साहेबरावाकडं गेले. म्हणलं, भाऊ, तुम्ही घासाला पाणी सोडता, त्याचं कवा बोलणं झालं न्हाई, म्हणून आले. तो ओट्यावर दात घासत होता. थांबला.

"काकू, आमची मोटार संक्रांतीपासनं केडगावला दुरुस्तीला पडलीया. मी कसलं पाणी सोडतोय?"

मग त्याच्या पण काहीतरी लक्षात आलं असणार, कारण त्यानं पुढं काही विचारलं न्हाई. तोंड धुवायला आत गेला. मी तशीच नदीकडं गेले.

आमचा ऊस पार काठापर्यंत हाय. जालिंदर मला उसात जाऊ देत न्हाई, साप हाय म्हणतो. मेंढरामागं हयात गेली माझी, मला साप शिकवतो. आत गेले. मधी मोकळी जागा, सिमेंटचा लहान चौथरा. चार बोल्ट वर आलेले, मोटार न्हाई. तेलाचा डाग अजून ओला. चौथऱ्यापासनं एक काळा पाइप पाण्यात गेलेला, मोठ्या पाइपाला तारेनं बांधलेला, दोन्ही एकाच पिंजऱ्यात. वर बघितलं तर लाइटीच्या तारा उसावरनंच जातात, आन् एके ठिकाणी तार घासून चकाकतेय.

आकडा काय असतो ते सांगायला लागत न्हाई. इकडं कोण टाकत न्हाई? तारेवर आकडा टाकला की लाइट सरळ मोटारीला. मधी पेटी न्हाई, मीटर न्हाई.

खंडूनं पेटीतले फ्यूज काढले आन् माझ्या ओटीत ठेवले आन् मी राणीसारखी बसून राहिले. ह्या मोटारीला त्या फ्यूजचा काय संबंध? ती लागली आन् पिंजऱ्यानं त्याच्या तोंडातली नळीच वढून घेतली.

बांधावर बसले. कितीतरी वेळ. घरी आले तर रुपाली म्हणते, कुठं होतीस, शंभू रडून लाल झाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

गोठ्यात जालिंदर धार काढत होता. म्हणलं, उसातली मोटार कुठं हाय?

सडावरचा हात थांबला. वर बघितलं न्हाई. म्हणाला, "इकली."

मग एकेक निघालं. दिवाळीत बसवली. अकरा घरांच्या पाळीत पाणी पुरत न्हवतं. रातची लाइट आली की आपोआप चालू व्हावी म्हणून ऑटोवर ठेवलेली. त्या दिवशी काढायची विसरला. दिवसा लाइट येईल असं त्याला वाटलं न्हाई. दोर बाभळीला बांधून तो डेअरीच्या टेम्पोला दूध द्यायला वर आला, परत जातोय तर उसातनं मोटारीचा आवाज.

मी विचारलं, मग दारूचं कशाला सांगितलं? म्हणाला, सिलेंडरात हवा हाय म्हणल्यावर काठावरचे सगळेच म्हणत होते, पिला असंल. साहेबानं मला विचारलं, मी व्हय म्हणलं. "मला कळलं तवा त्यो गेला हुता, आई. मी सांगून त्यो माघारी येणार हाय का?"

सविताला माहीत होतं. रुपालीला पण, त्या रात्रीच कळलेलं. घरात सगळ्यांना माहीत. शंभू आन् मी, दोघंच काय ते अडाणी.

मी म्हणलं, मंगळवारी मी ठाण्यात जाऊन सांगणार. मग सगळे बोलायला लागले, इतके दिवस कुणी बोलत न्हवतं ते. सविता म्हणाली, आत्या, माझ्या संसाराकडं बघा. रुपाली म्हणाली, सासरचे शंभूला घेऊन जातील, परत पाठवणार न्हाईत. जालिंदर म्हणाला, जेलात घालशील मला. मी म्हणलं, तू विसरलास त्याला मी विसरणं म्हणीन. माणूस विसरतो. पण तिच्या पोरी बेवड्याच्या म्हणून घरी बसल्यात, ते तू विसरून केलं न्हाईस.

कुणी जेवलं न्हाई. भाकऱ्या कुत्र्याला घातल्या. शंभूला आठ वेळा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नऊच्या एसटीसाठी साडेआठला थांब्यावर. नऊची आली न्हाई. साडेनऊला एक पोरगी म्हणाली, आजी, ती आज बंद हाय. मग दहाची. दहाची पुढंच थांबली, मी पळेपर्यंत गेली. चांगलं लुगडं नेसले होते, सगळी धूळ. इतका वैताग आला की वाटलं, देवालाच नको हाय, घरी जावं. खरंच उठले होते.

तवा जालिंदर गाडी घेऊन आला. समोर उभा राहिला. हेल्मेट काढलं न्हाई.

"बस," म्हणाला.

कुठं नेणार ते विचारलं न्हाई. त्याच्या खांद्याला धरून बसले. आठवतं, तो लहान असताना मी त्याला असंच पाठीशी बांधून मेंढरं चारायची. केडगाव मागं गेलं तवा कळलं, ठाण्याकडंच चाललाय.

तिथं पण आधी दोन तास बसवलं. मग मी सगळं सांगितलं, वही दाखवली. लिहून घेणारा पोलीस तरणा होता, घाम पुसत म्हणाला, आजी, आता सगळे कागद परत करायला लागणार. म्हणलं, करा की, पगार कशाचा घेता. मग थांबून त्यानं विचारलं, "तुमचाच मुलगा हाय न्हवं हा?"

"व्हय. लिवा."

जालिंदर शेजारी उभा होता. म्हणाला, आई सांगती ते खरं हाय.

त्याला ठेवून घेतला. वही पण ठेवत होते, मी दिली न्हाई. त्या पानांचे फोटो काढून घेतले. मी एसटीनं एकटी आले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

न्हावऱ्याचे आले. जीप घेऊन, चौघं. बसले न्हाईत. जावई खाली मान घालून उभा, बोलायचं काम सासूनं केलं. आमच्या घरात असलं कधी झालं न्हाई म्हणाली. मी म्हणलं, आमच्या पण न्हवतं झालं.

रुपालीनं सामान बांधताना माझ्याकडं बघितलं न्हाई. जाताना मात्र जीपच्या दारातनं शंभूला माझ्या हातात दिलं, एकदा. मी त्याचा वास घेतला आन् परत दिला. आता मान धरायला लागलाय. झुपका तसाच.

अकरा घरांतलं कुणी येत न्हाई. येत न्हाईत ते बरं, चहा वाचतो. पण पाणी अजून बंद हाय, पिंजरा तसाच तुंबलेला, आन् ते पण माझ्याच नावावर. सविता बोलत न्हाई. ताट वाढते, माझ्यापुढं ठेवते, जाते.

पाजल्याचं काय लिहू?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज जालिंदरला नदीवर आणलं, जागा दाखवायला. अकरा घरांतले लांब बांधावर उभे. साहेबराव पंच म्हणून जवळ. धुरपदाला पण बोलावलं होतं. ती पाण्याच्या कडेला उभी राहिली, मी तिच्यापासनं थोडी लांब.

जालिंदरनं सगळं दाखवलं. इथं चौथरा, इथं पाइप, इथनं आकडा. तो तरणा पोलीस गुडघ्यावर फळी ठेवून लिहीत होता. दोर कुठल्या बाभळीला बांधला ते दाखवलं. उसातल्या मोटारीचा आवाज कुठनं ऐकला ते दाखवलं. दाढी वाढलीय. मी भरवलेला पोरगा, कुणी परका सांगत असल्यासारखा सांगत होता.

मग धुरपदा म्हणाली, "जालिंदरभाऊ, एक इचारू?"

साहेब म्हणाला, बाई, मधी बोलू नका. जालिंदर म्हणाला, "इचार."

"मोटार बंद केली. मंग आदी दोर वढला, का आदी आकडा काढला?"

मला वाटलं हा काय प्रश्न हाय. मग कळला.

जालिंदरनं माझ्याकडं बघितलं. मी त्याची आई, माझ्याकडं बघून त्याला काय सापडणार होतं. साहेबराव नदीकडं बघत होता. नुसतं आठवत न्हाई म्हणला असता, दोर आधी वढला म्हणला असता, तरी चाललं असतं. बघायला कोण होतं तिथं?

"आदी आकडा," तो म्हणाला.

"आन् वायर?"

"गुंडाळली. उसात नेऊन टाकली."

"केवढी वायर?"

"दीडशे फूट."

दीडशे फूट वायर गुंडाळायला किती वेळ लागतो ते मला माहीत हाय, मी दोर वळलेत. धुरपदाला पण माहीत असणार, नवरा दोरावरच जगत होता. ती बोटं हलवत उभी राहिली. मोजत असंल.

"मंग दोर," ती म्हणाली.

"मंग दोर."

माझ्या पोरानं मला सांगितलं होतं, कळलं तवा तो गेला होता. गोठ्यात, चरवी पुढ्यात धरून सांगितलं होतं आन् मी ते धरूनच ठाण्यात गेले होते. आईला खोटं सांगितलं आन् हिला खरं.

पोलिसाचं लिहिणं थांबलं होतं. पेन कागदावर टेकलेलं, पुढं जाईना.

धुरपदा म्हणाली, "थांबू नगा साहेब. लिवा."

लिहिलं. सगळं झाल्यावर वाचून दाखवलं. खंडूच्या तोंडाला दारूचा वास न्हवता, मी खोटं सांगितलं होतं, हे जालिंदरच्या नावानं त्यात आलं. तेवढं वाक्य तिनं परत वाचायला सांगितलं. पोलिसानं परत वाचलं. ती म्हणाली, त्या लोकांना ऐकू गेलं न्हाई, मोठ्यानं वाचा. बांधावरच्या लोकांकडं तोंड करून त्यानं तिसऱ्यांदा वाचलं.

मग तिनं डोक्यावर पदर घेतला आन् रस्त्याकडं निघाली. पोरींना उद्यापासनं शाळेत धाडते, एवढं जाताना म्हणाली, मला का पोलिसाला ते कळलं न्हाई. मी तिच्या मागं गेले न्हाई. जायला तोंड न्हवतं.